तार सोनाराची, घाट जहाजाचा

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, आणि समुद्र यांचा संबंध काय, असा प्रश्न कोणासही पडेल. जिल्ह्यात गोदावरी, प्रवरा, मुळा, सीना या नद्या. मोठे पाणी म्हणावे तर भंडारदऱ्याचे किंवा मुळा धरणाचे. तरीही मलिक अहमदने वसविलेल्या या राजधानीला एके काळी समुद्र होता. कोकणातील चौल हे निजामशाहीचे बंदर. तेथील पोर्तुगीजांच्या ठाण्याला मुर्तजा निजामशहाने १५७०-७१ मध्ये वेढा घातला होता. तो यशस्वी झाला नाही. पुढे राजधानी गेली, बंदर दुरावले आणि नगरकरांच्या बोलण्यातून जहाज हा विषयच नाहीसा झाला.

आज नगरच्या मुलाला प्रतिकृती करण्याचा नाद लागला, तर त्याच्या डोळ्यांसमोर प्रथम रणगाडा यावा हे स्वाभाविक आहे. १९९४ पासून येथे रणगाड्यांचे संग्रहालय आहे आणि शाळांच्या सहली तेथे जातात. १:३५ या प्रमाणातील रणगाड्यावरही तारेचे काम असते: वर चढण्यासाठी धरावयाच्या मुठी, बिनतारी संदेशाची काठी, बारीक तारा पिळून केलेला ओढदोर. परंतु ते काम एका सुटीत संपते. जहाजाचे तसे नाही.

उदाहरणासाठी दूर जावयास नको. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मलबारच्या सागवानातून बांधलेले ‘ट्रिंकोमली’ हे लढाऊ जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. त्याच्या नकाशांची कथा सांगण्याजोगी आहे. इंग्लंडहून निघालेले पहिले नकाशे ज्या ‘जावा’ जहाजावर होते, ते डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकी ‘कॉन्स्टिट्यूशन’शी झालेल्या लढाईत नष्ट झाले; दुसरी प्रत पाठवावी लागली. उशिरा बांधलेले हे जहाज आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे अजूनही पाण्यावर तरंगत उभे आहे.

त्याच्या तोफमजल्याची लांबी सुमारे १५० फूट. १:७२ या प्रमाणात ती साडेत्रेसष्ट सेंटिमीटर होते, म्हणजे दिवाणखान्यातील कपाटात मावेल एवढी. जहाज ३८ तोफांच्या वर्गातले. प्रत्येक तोफेच्या दोरांसाठी चार ते सहा लोखंडी कड्या धरल्या, तरी केवळ तोफांच्याच दीडशे ते सव्वादोनशे कड्या झाल्या. याखेरीज डोलकाठ्यांचे ताणदोर जेथे बांधतात त्या तीन भोकांच्या लाकडी गोल ठोकळ्यांभोवतीचे पट्टे, नांगराची कडी, सुकाणूच्या बिजागऱ्या, कठड्याचे गज, दोर अडकविण्याचे आकडे. हे सारे तारेतून घडवावयाचे.

येथे हिशेबाला पर्याय नाही. मूळ जहाजावरील गज ३० मिलिमीटर जाडीचा असेल, तर बहात्तराव्या हिश्श्याने तो ०.४२ मिलिमीटरचा होतो. बाजारातील २७ गेजची तार त्याला नेमकी जुळते. घरात सहज सापडली म्हणून २० गेजची तार लावली, तर तिची जाडी ०.९१ मिलिमीटर. प्रतिकृतीत हा फरक नखाएवढाही दिसत नाही, पण बहात्तरपट करून पाहावे: साडेसहा सेंटिमीटर जाडीचा गज! असा कठडा कोणत्याही गोदीने बसविला नसता. लाकूडकाम उत्तम साधूनही पुष्कळ प्रतिकृती खेळण्यासारख्या दिसतात, त्याचे कारण बहुधा या जाड तारेत असते.

हवी ती जाडी बाजारात मिळाली नाही, तर तार ओढावी लागते, आणि येथेच जहाजाची वाट सराफ बाजारात येऊन मिळते. सोनाराची जंत्री (पंचांगातली नव्हे) म्हणजे क्रमाक्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांची पोलादी पट्टी. तारेचे टोक कानशीने निमुळते करून छिद्रातून बाहेर काढावयाचे, पकडीत घट्ट धरून सारी तार एका दमात ओढावयाची, मग पुढचे छिद्र. व्यास निम्मा झाला की लांबी चौपट होते. धातू तेवढाच राहतो. दोन-चार छिद्रांनंतर तांबे ताठ होते. त्या वेळी हट्ट केला तर तार तुटते. तिला मंद लाल होईपर्यंत ताव द्यावा, पाण्यात विझवावे, की ती पुन्हा मऊ होते. पितळ अधिक ताठ असल्याने सरळ गजांना बरे, तांबे वळणांना.

वेटोळ्यातून काढलेली तार सरळ नसते. तिचे एक टोक शेगड्यात अडकवून दुसरे पकडीने हलकेच ताणले, तार किंचित लांबल्याची जाणीव हाताला झाली, की ती सुतासारखी सरळ होते. कड्या करण्यासाठी गुळगुळीत सळईवर तार वेढ्याला वेढा लावून गुंडाळतात आणि ते वेटोळे बारीक करवतीने उभे कापतात. प्रत्येक वेढ्याची एक कडी होते. सोनाराच्या साखळीची कडीही अशीच जन्मते. कडी उघडताना तोंड फाकवू नये, टोके एकमेकांच्या बाजूला सरकवावीत, नाहीतर तिची गोलाई पुन्हा येत नाही. सांधा सवागी लावून डाग देऊन जोडतात. टोके एकमेकांना भिडलेली नसतील तर डाग फट भरून काढत नाही. नवशिके याच ठिकाणी थकतात.

फ्रान्सशी झालेल्या युद्धांत इंग्रजांनी पकडलेले कैदी पीटरबरोजवळच्या नॉर्मन क्रॉस येथे ठेवले होते. ही छावणी १७९७ मध्ये सुरू झाली. शिध्यातील मांसातून उरलेली हाडे, केस आणि मिळेल ती तार यांतून त्यांनी जहाजे घडविली व छावणीच्या बाजारात विकली. साधन आपल्याला रुचणार नाही. पण त्यांतील काही आज संग्रहालयांत आहेत.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचा पेढीशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. पेढीवर धातूचे मोल आधी आणि मजुरी नंतर. जहाजाच्या तारकामात हा क्रम पूर्ण उलटतो: तांब्याची किंमत काही रुपये, उरलेली सगळी मजुरी. म्हणून या छंदातून मिळकत शोधू नये, आणि ‘वेळ जात नाही’ म्हणणाऱ्या निवृत्तांनी तरी तो एकदा पाहावा. अट एवढीच की डोळ्यांना भिंग आणि हाताला स्थैर्य हवे. गळ्याशी अडकणारी घाई मात्र नको.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. साखळ्या आता यंत्रावर होतात. जंत्रीतून हाताने तार ओढणारे कारागीर सराफ बाजारांतून कमी होत चालले असून ज्या घरांत हे काम चाले, तेथील मुले अन्य व्यवसायांत गेली. ताव किती द्यावा हे ज्वालेच्या उजेडात धातूचा रंग पाहून कळते. ते पुस्तकातून शिकता येत नाही. ज्याला प्रतिकृती करावयाची असेल, त्याने परदेशी हत्यारांची यादी मागविण्याआधी आपल्या गावच्या जुन्या कारागिराच्या ऐरणीशेजारी चार दुपारी बसावे. आयुष्यभर नथीची तार वळविलेल्या अशा माणसासमोर जहाजाची कडी ठेवली, तर तो जहाजाविषयी काही विचारणार नाही. भिंग डोळ्याला लावून आधी सांधा कोठे आहे ते शोधील.