टर्बो सी++ नव्या लॅपटॉपवर चालते कसे?

लॅपटॉप नवाकोरा, पण स्क्रीन तीच निळी आणि अक्षरे तीच पिवळी. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला अनेकांना आजही भेटणारे बोर्लंडचे टर्बो सी++ हे 1990 च्या दशकाच्या सुरुवातीचे, डॉससाठी लिहिलेले 16 बिट सॉफ्टवेअर. विंडोजच्या 64 बिट आवृत्त्या असे प्रोग्रॅम उघडतच नाहीत.

मग ते चालते कसे? मध्ये डॉसबॉक्स असतो. हा एम्युलेटर जुना प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि डॉस यांची नक्कल करतो. टर्बोला आपण जुन्याच संगणकावर आहोत असे वाटते. तयार पॅकेजमध्ये तो आधीच दडलेला असल्याने अनेकांना त्याचा पत्ताही नसतो. माउस त्याच्या विंडोत अडकला, तर कंट्रोल आणि एफ10 एकत्र दाबावे. फाइलचे नाव 8 अक्षरांत बसवावे.

खरी अडचण पुढे आहे. सी++ चे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण 1998 मध्ये आले, टर्बो त्याआधीचे. त्यामुळे तिथे बिनबोभाट चाललेले ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ आणि ‘व्हॉइड मेन’ आजच्या जीसीसी कंपायलरवर एरर देतात. ग्राफिक्सचे जुने प्रोग्रॅम पाहायला डॉसबॉक्स उत्तम. प्लेसमेंटच्या कोडिंग टेस्टची तयारी मात्र जीसीसीवरच करावी; तोही मोफत मिळतो.