फरशीची चकाकी येते कुठून? संगमरवर आणि हिऱ्याची घासणी

मागच्या व्याख्यानात आपण चुन्याबद्दल बोललो होतो. आज त्याच्याच घराण्यातल्या संगमरवराबद्दल बोलू. विषय अगदी घरातला आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हौसेने बसवलेली पांढरी फरशी आता मळकट दिसते. एक मिस्त्री म्हणतो, सगळी घासावी लागेल. दुसरा म्हणतो, ॲसिड मारू, मेण लावू, दोन तासांत चकाचक. ऐकायचं कोणाचं? हे ठरवण्यासाठी आधी चकाकी म्हणजे काय ते समजून घेऊ.

चकाकी लावत नाहीत, उघडी करतात

फरशी चमकते म्हणजे तिच्यावर पडलेला प्रकाश एका दिशेने, आरशासारखा परत येतो. पृष्ठभागावर ओरखडे असले की तोच प्रकाश चारी दिशांना विखुरतो आणि फरशी निस्तेज दिसते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. ओरखड्यांची खोली याच्याही बरीच खाली गेली की प्रकाशाला ते जणू दिसतच नाहीत. पॉलिश म्हणजे ओरखडे नाहीसे करणं नव्हे, ते इतके बारीक करणं की त्यांचा उपद्रव संपतो.

आता ओरखडे येतात कुठून? संगमरवर हा मुख्यतः कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. मोह्सच्या कठिणतेच्या मापावर त्याचा क्रमांक ३. चपलेखाली येणाऱ्या वाळूत क्वार्ट्झ असतं, त्याचा क्रमांक ७. म्हणजे आपण रोज नकळत फरशीवर कानस चालवत असतो. हिरा याच मापावर १० वर, सगळ्यांच्या वर.

पूर्वी कार्बोरंडम, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचे दगड मशिनला लावून घासत. आजही लावतात. तेही संगमरवरापेक्षा कितीतरी कठीण, पण लवकर झिजतात. हिऱ्याचा कण बराच वेळ धारदार राहतो, म्हणून काप एकसारखा मिळतो. १९५५ साली जनरल इलेक्ट्रिकने कृत्रिम हिरा तयार केल्याचं जाहीर केलं, आणि पुढे हिऱ्याची पूड कारखान्यात बनू लागली. आपल्या फरशीवर फिरतो तो हा हिरा; दागिन्यातला नव्हे.

नंबर वगळला की काय होतं?

डायमंड पॅडवर नंबर असतात: ५०, १००, २००, ४००, ८००, १५००, ३०००. नंबर जितका मोठा तितका कण बारीक. ५० नंबरचा कण साधारण ०.३ मिलिमीटरचा, तर ३००० चा अवघ्या काही मायक्रॉनचा. खरबरीत कण बहुधा धातूत बसवलेले असतात, बारीक कण रेझिनमध्ये.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. प्रत्येक पॅड स्वतःचे ओरखडे पाडतोच. त्याचं काम एवढंच, की आधीच्या पॅडचे मोठे ओरखडे पुसून त्या जागी स्वतःचे लहान ओरखडे ठेवायचे. १०० नंतर एकदम ८०० लावला तर? ८०० चा कण इतका थोडा दगड काढतो, की १०० च्या घळी तशाच राहतात. वरचा भाग चमकतो, पण खिडकीचा उजेड तिरपा पडला की गोल गोल रेघा दिसतात. त्या घालवायला पुन्हा मागे जावं लागतं. वाचवलेला एक तास दुप्पट होऊन परत येतो.

घासताना पाणी लागतंच. ते पॅड थंड ठेवतं, धूळ उडू देत नाही आणि सुटलेला गाळ वाहून नेतं. रेझिनचा पॅड कोरडा तापला तर पांढऱ्या दगडावर त्याचा रंग उतरू शकतो. पण हेच पाणी डोळ्यांना फसवतं. ते ओरखड्यांत भरून वरती सपाट थर करतं, आणि ओली फरशी कधीही चमकदारच दिसते. म्हणून प्रत्येक नंबरनंतर गाळ उपसायचा, फरशी पूर्ण सुकवायची आणि बॅटरीचा झोत जमिनीलगत आडवा टाकून बघायचं. ओल्या फरशीवर काम पसंत करू नका.

आधी रोग ओळखा

हीच पाण्याची युक्ती उलटी वापरता येते. निस्तेज डागावर थोडं पाणी टाका. ओलं असताना डाग दिसेनासा झाला, तर नुकसान फक्त पृष्ठभागावर आहे, घासून जाईल. ओल्यातही दिसत राहिला, तर रंग किंवा तेल दगडाच्या आत मुरलंय.

पहिल्या प्रकारात आपल्याकडचा मुख्य गुन्हेगार आंबट. देवाची पितळी भांडी चिंचेने घासली आणि ते पाणी फरशीवर सांडलं, किंवा लिंबाचा रस पडला, की आम्ल कॅल्साइटशी क्रिया करतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तेवढा दगड खरोखर विरघळतो. तो डाग नसतो, खड्डा असतो. पुसून जाणार कसा? पण खड्डा उथळ असेल तर ५० पासून सुरुवात करायची गरज नाही. ४०० पासून वर जाऊन भागू शकतं.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे समईचं तेल वगैरे मुरलं असेल तर, घासणं हा उपाय नाही. तिथे लेप. मुलतानी माती पाण्यात घट्ट कालवून थापायची, प्लास्टिकने दिवसभर झाकायची, मग प्लास्टिक काढून सुकू द्यायची. सुकताना माती आतलं तेल ओढून घेते. दोन-तीनदा करावं लागतं. ताजमहालाचा पिवळटपणा काढायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण मुलतानी मातीचाच लेप देतं, घासणीचं मशिन लावत नाही. कारण काढलेला दगड परत येत नाही.

घरातही हिशेब तोच. लादी साधारण १६ ते १८ मिलिमीटर जाड असते. एक लादी वर, एक खाली झाली असेल किंवा खोल चरे असतील, तर खरबरीत नंबरापासून सगळं करावंच लागतं. नाहीतर गरजेपुरतंच काढा.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: मग ॲसिड आणि मेण?

उत्तर: संडास धुवायचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. ते मळासकट चकाकीही खातं. मेण ओरखडे बुजवतं, पण त्यावर धूळ बसते, ते पिवळं पडतं. पॉलिशवाले शेवटी जी ऑक्झॅलिकची पावडर वापरतात ती वेगळी. ती कॅल्शियमशी मिळून न विरघळणारा पातळ थर करते. बारीक नंबरांनंतर ती शोभते, त्यांच्याऐवजी नाही. आणि ती विषारी आहे. हातमोजे घाला, मुलांना दूर ठेवा.

प्रश्न: आमच्या चाळीत जुनं मोझॅक आहे. चालेल?

उत्तर: चालेल. सिमेंटमध्ये बसवलेल्या संगमरवराच्याच कपच्या त्या. पण वरचा थर काही मिलिमीटरचाच असतो, त्यामुळे खरबरीत नंबर फार जपून.

प्रश्न: पुन्हा पॉलिश लांबवायचं कसं?

उत्तर: दाराबाहेर आणि आत पायपुसणं ठेवा, रोज केर काढा, पुसायला साधं पाणी घ्या. वाळू आत आली नाही, तर हिऱ्याला वर्षानुवर्षं बोलवावं लागणार नाही.