धूम्रपान व स्वाद

धूम्रपान व स्वाद : तंबाखूच्या धुराची जी ‘चव’ ओढणाऱ्यास जाणवते, तिचा थोडाच भाग जिभेवर उत्पन्न होतो. उरलेला मोठा भाग वस्तुतः गंध असून तो घशाच्या बाजूने नाकात शिरलेल्या धुरामुळे जाणवतो. सिगार ओढणाऱ्यांमध्ये तोंडात घेतलेला धूर फुप्फुसांत न नेता त्याचा काही अंश नाकावाटे सावकाश सोडण्याची रीत आहे, ती याच कारणाने. महाराष्ट्रात सिगारचा प्रसार नेहमीच मर्यादित राहिला. सामान्य माणसाचे धूम्रपान चिलीम व विडी यांचे होते. तथापि धूर नाकावाटे सोडल्याने स्वाद का बदलतो व त्याची किंमत कोणती, हे प्रश्न सिगार व विडी या दोहोंनाही लागू पडतात.

शारीरक्रिया : जिभेवरील रुचिकलिकांना गोड, आंबट, खारट, कडू व उमामी (मांसरसासारखी) अशा मोजक्याच रुची कळतात. वेलदोडा, बडीशेप, भाजलेले शेंगदाणे किंवा धुरकटलेले दूध यांची ओळख जीभ पटवीत नाही. ती नाक पटविते. नाक चिमटीत घट्ट धरून वेलदोडा घातलेला पेढा खाल्ल्यास केवळ गोडी लागते. नाक सोडताच वेलदोड्याचा स्वाद एकदम प्रकट होतो. पडशात अन्न बेचव लागते, त्याचे कारण हेच. २०२० पासूनच्या कोविड-१९ च्या साथीत असंख्य रुग्णांना चव गेल्याचा अनुभव आला. त्यांपैकी अनेकांच्या बाबतीत प्रत्यक्षात गंधज्ञानच नाहीसे झाले होते.

नाकाच्या छताशी काही चौ. सेंमी. क्षेत्राची गंधग्राही श्लेष्मकला असते. तिच्यातील तंत्रिका कोशिकांवर सु. ४०० प्रकारचे ग्राही असतात व निरनिराळ्या ग्राहींच्या एकत्रित उद्दीपनातून मेंदू एकेक गंध ओळखतो. या ग्राहींच्या जनुकांचा शोध लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. गंधसंवेदनेवरील संशोधनाबद्दल त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या श्लेष्मकलेपर्यंत गंधद्रव्य दोन मार्गांनी पोहोचते : फूल हुंगताना बाहेरून नाकपुड्यांवाटे आणि अन्न चावताना वा उच्छ्‌वास सोडताना ग्रसनीतून, म्हणजे मागील दाराने. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी १९८२ मध्ये गंध हे या अर्थाने दुहेरी ज्ञानेंद्रिय असल्याचे प्रतिपादन केले. समोरून आलेला गंध बाहेरच्या वस्तूचा वाटतो. मागून आलेला गंध मात्र तोंडातील पदार्थाची चव म्हणून जाणवतो.

नाकावाटे धूर सोडणे : धूर तोंडात घेऊन तोंडानेच सोडला, तर गंधग्राही श्लेष्मकलेपर्यंत त्याचा अल्पांशच पोहोचतो. जिभेला मुख्यतः कडवटपणा व उष्णता कळते. तोच धूर नाकावाटे सोडला असता त्यातील बाष्पनशील संयुगे श्लेष्मकलेवरून वाहतात. ग्वायाकोलसारख्या फिनॉलांमुळे धुरकट, तर पायराझिनांमुळे भाजल्यासारखा गंध जाणवतो. लाकूड, माती, चामडे, कॉफी अशा शब्दांनी सिगारच्या स्वादाचे जे वर्णन केले जाते, ते या मार्गाने आलेल्या गंधांचे असते.

याबरोबर आणखी एक संवेदना होते. नाक व तोंड यांच्या अस्तरात त्रिमूल तंत्रिकेचे तंतू असतात. निकोटीन, अमोनिया व ॲल्डिहाइडे यांनी ते चेतविले की झणझणाट होतो, डोळ्यांत पाणी येते व कधी शिंका येतात. हिला तिखटपणा म्हणत असले, तरी आधुनिक शारीरक्रियाविज्ञानाप्रमाणे ती रुचीही नव्हे व गंधही नव्हे. ती दाहाची सूचना आहे. आयुर्वेदाने कटू म्हणजे तिखट हा सहा रसांपैकी एक मानला, परंतु नाक, तोंड व डोळे यांचे पाझरणे हे त्याचे लक्षणही सांगून ठेवले.

धूर फुप्फुसांत घेऊन मग नाकाने सोडणे ही याहून निराळी क्रिया होय. फुप्फुसांत शिरलेल्या धुरातील बहुतेक निकोटीन व सूक्ष्मकणांचा मोठा भाग तेथेच राहतो. त्यामुळे परत येणारा धूर सौम्य वाटतो. हा सौम्यपणा धूर निरुपद्रवी असल्याची खूण नसून त्यातील द्रव्ये शरीरात राहिल्याची खूण आहे.

आयुर्वेदातील उल्लेख : भारतात तंबाखू येण्यापूर्वी औषधी धूमपान प्रचारात होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात चंदन, वेलदोडा, वाळा, गुग्गुळ इ. द्रव्यांचा कल्क बोरूवर लेपून अंगठ्याएवढी जाड व आठ अंगुळे लांब वर्ती करण्यास सांगितले आहे. वाळल्यावर आतील काडी काढून ही पोकळ वर्ती तुपाने माखून नळीत बसवीत व पेटवीत. आकाराने ती आजच्या सिगारची आठवण करून देते. मात्र तोंडाने घेतलेला धूर नाकाने सोडू नये, तो उलट मार्गाने गेल्यास डोळ्यांना इजा करतो, असा स्पष्ट निषेध तेथे आहे. वाग्भटानेही धूर तोंडानेच सोडावा असे म्हटले आहे. म्हणजे सिगारचे शौकीन जी कृती आस्वादाची मानतात, तीच प्राचीन वैद्यांनी अपथ्य ठरविली होती.

सिगार, चिरूट व विडी : १४९२ मध्ये कोलंबसाच्या सोबत्यांनी क्यूबातील रहिवाशांना पाने गुंडाळून त्यांचा धूर ओढताना पाहिले. भारतात तंबाखू पोर्तुगीजांमार्फत आली. सु. १६०४ मध्ये असदबेग याने ती विजापूरहून अकबराच्या दरबारी नेली. जहांगीराने १६१७ मध्ये तिच्या सेवनास मनाई केली. पुढे तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली व दिंडिगल येथील चिरूट प्रसिद्धीस आले.

सिगारची तंबाखू सावलीत हवेवर वाळवून नंतर ढिगांत आंबवितात. तिच्यात शर्करा अल्प असल्याने धूर क्षारधर्मी होतो व निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनही शोषले जाते. म्हणून सिगारचा धूर फुप्फुसांत न घेताही तलफ भागते. सिगारेटची तंबाखू प्रायः कृत्रिम उष्णतेने वाळविलेली असून तिचा धूर अम्लधर्मी असतो. त्यातील निकोटीन तोंडात फारसे शोषले जात नाही, त्यामुळे तो छातीत ओढावा लागतो. विडीत उन्हात वाळवून भरड केलेली तंबाखू टेंभुर्णीच्या पानात वळलेली असते. आपट्याच्या पानांचाही या कामी उपयोग होत आला आहे. विडीत तंबाखू थोडी (सु. ०·२ ग्रॅम), परंतु पान सहज जळत नसल्याने ती विझू नये म्हणून लवकर लवकर व जोराने झुरके घ्यावे लागतात. परिणामी विडीतून मिळणारे डांबर व निकोटीन सिगारेटपेक्षा कमी नसते. पानाच्या धुराचा उग्र गंध विडीच्या स्वादात मिसळलेला असतो.

अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्हा : या जिल्ह्यात, ज्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, जिल्ह्याचे मुख्य ठिकाण व प्रवरेकाठचे संगमनेर ही विडी उद्योगाची जुनी केंद्रे होत. उद्योगाचा कच्चा माल मात्र बाहेरून येतो : टेंभुर्णीची पाने विदर्भ व मध्य प्रदेशातील जंगलांतून, तर तंबाखू निपाणी व गुजरातमधील चरोतर या भागांतून. विड्या वळण्याचे काम मुख्यत्वे स्त्रियांचे असून नगर शहरात त्यांमध्ये तेलुगूभाषक पद्मशाली समाजातील स्त्रियांची संख्या मोठी आहे. कारखान्यातून मोजून आणलेली पाने रात्री भिजवून ठेवतात, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापतात, सुपातील तंबाखूची चिमूट भरून वळतात, टोके दुमडून दोऱ्याने बांधतात व कट्टे करून परत देतात. नंतर विड्या भट्टीवर शेकल्या जातात. मजुरी हजार विड्यांमागे ठरलेली असते. विडी व सिगार कामगार (नोकरीच्या अटी) अधिनियम १९६६ मध्ये संमत झाला; घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रियांचाही त्याने कामगारांत समावेश केला.

विडी वळणारी स्त्री धूर ओढत नसली, तरी दिवसभर सुपावर वाकल्याने तंबाखूची धूळ तिच्या नाकात व छातीत जाते. तंबाखूतील निकोटीन तिच्या बोटांच्या त्वचेतूनही शोषले जाते. एकाच गंधात सतत राहिल्याने गंधसंवेदना त्या गंधापुरती बोथट होते. त्यामुळे ज्या खोलीत पाहुण्याला शिंका येतात, तेथे घरच्यांना वासही जाणवत नाही. वास जाणवला नाही म्हणून धुळीचा परिणाम मात्र टळत नाही. वळण्याचे काम व स्वयंपाक एकाच खोलीत चालतात, त्या घरातील लहान मुलेही तिच्यापासून दूर राहत नाहीत.

परिणाम : तंबाखूचा धूर ज्या इंद्रियाने आस्वादिला जातो, त्याच इंद्रियाचा तो नाश करतो. गंधग्राही कोशिका आयुष्यभर नव्याने तयार होत असतात. परंतु धुराच्या वारंवार स्पर्शाने त्यांची हानी भरून येण्यापेक्षा अधिक वेगाने होते. अमेरिकेत १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात धूम्रपान जितके अधिक व दीर्घकाळ, तितके गंधज्ञान कमी, असे आढळले. धूम्रपान सोडल्यानंतर ते हळूहळू सुधारते, पण त्यास वर्षे लागू शकतात. स्वाद कमी जाणवू लागला की ओढणारा अधिक कडक तंबाखूकडे वळतो व हानी वाढते. गंधज्ञान क्षीण झालेल्यास नासलेले अन्न, करपलेली भाजी वा स्वयंपाकाच्या वायूची गळती वेळीच कळत नाही.

धूर छातीत न घेता नाकावाटे सोडल्यास अपाय होत नाही, हा समज चुकीचा आहे. असे केल्याने फुप्फुसांवरील भार कमी होत असला, तरी तोंड, घसा व नाक यांच्या अस्तरांवर कर्करोगकारक द्रव्ये बसतातच. सिगारमुळे मुख, स्वरयंत्र व अन्ननलिका यांचे कर्करोग होतात. नासागुहा व तिच्याभोवतालच्या कोटरांचे कर्करोगही तंबाखूच्या धुराने होणाऱ्या रोगांत गणले जातात. विडीमुळे मुख व फुप्फुसांचे कर्करोग, दीर्घकालीन श्वसनविकार व हृद्‌रोग होतात. धूर कोणत्या वाटेने सोडला यावर त्याचा स्वाद अवलंबून असतो. तो निर्धोक होणे मात्र कोणत्याच वाटेवर अवलंबून नसते.