टर्बो सी नव्या लॅपटॉपवर का चालत नाही? आधी बघा, एरर नेमकी देतंय कोण

कॉलेजच्या लॅबमध्ये निळ्या स्क्रीनवर प्रोग्रॅम मस्त चालतो. तोच घरी नव्या लॅपटॉपवर चालवायला जावं, तर टर्बो सी उघडतच नाही. मग पोरं रात्रभर सुटलेला सेमीकोलन शोधत बसतात. काहीजण तर 'कोडिंग आपल्याला जमणार नाही' असं ठरवून मोकळे होतात. पण इथे कोड कुणी वाचलेलाच नसतो!

मग नेमकं होतं काय?

कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत बदलून देणारा प्रोग्रॅम. आता तोही प्रोग्रॅमच, म्हणजे त्यालाही चालायला योग्य वातावरण लागतं. बोरलँड कंपनीने टर्बो सी १९८७ साली आणला, तो डॉससाठी. तो आणि त्याचा पुढचा भाऊ टर्बो सी प्लस प्लस, दोघंही १६ बिटच्या जमान्यातले. महाराष्ट्रातल्या अनेक कॉलेजांमध्ये मात्र त्यांचा मुक्काम पुढे कित्येक वर्षं राहिला.

३२ बिटच्या विंडोजमध्ये अशा जुन्या प्रोग्रॅमसाठी खास सोय होती. प्रोसेसर तेवढ्यापुरतं जुन्या चिपचं सोंग घ्यायचा. ६४ बिट मोडमध्ये प्रोसेसरला हे सोंग घेता येत नाही, त्यामुळे ६४ बिटच्या विंडोजमध्ये ही सोयच नाही. २०२१ मध्ये आलेलं विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच मिळतं.

म्हणून कोडला हात लावण्याआधी एक गोष्ट बघायची. एरर देतंय कोण?

१. एरर विंडोज देतंय

'धिस अ‍ॅप कान्ट रन ऑन युअर पीसी' असा मेसेज आला, तर समजायचं की कंपायलर सुरूच झालेला नाही. टर्बो सी परत इन्स्टॉल करून काही फरक पडणार नाही. इथे कामाला येतं डॉसबॉक्स. हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर विंडोजच्या आत एक जुना डॉस कॉम्प्युटर उभा करतं आणि टर्बो सी त्यात चालतो.

२. एरर टर्बो सी देतोय

कंपायलर सुरू झाला, पण 'अनेबल टू ओपन इन्क्लूड फाइल' असं म्हणाला. म्हणजे त्याला हेडर फाइल सापडत नाहीये. डॉसबॉक्समध्ये 'माउंट' कमांड देऊन कुठलं फोल्डर सी ड्राइव्ह समजायचं ते आपण सांगतो. टर्बो सीचं फोल्डरच सी ड्राइव्ह म्हणून दिलं, तर आतले सगळे पत्ते बदलतात आणि कंपायलर जुन्याच पत्त्यावर शोधत राहतो.

उपाय सोपा आहे. ऑप्शन्स मेनूमधल्या डिरेक्टरीजमध्ये जाऊन 'इन्क्लूड' आणि 'लिब' या दोन्ही फोल्डरचे पत्ते, डॉसबॉक्सच्या आतून जसे दिसतात तसे लिहायचे. अजून एक, डॉसमध्ये फाइलचं नाव ८ अक्षरांपर्यंतच चालतं. त्यामुळे लांबलचक नावं टाळायची.

३. एरर नवा कंपायलर देतोय

टर्बो सी सोडून जीसीसीसारखा नवा कंपायलर घेतला, की लॅबमध्ये चाललेल्या कोडवर एररची रांग लागते. सी प्लस प्लसचं अधिकृत स्टँडर्ड १९९८ मध्ये आलं, टर्बो सी प्लस प्लस त्याच्या आधीचा. म्हणून 'आयओस्ट्रीम डॉट एच' मधलं 'डॉट एच' काढावं लागतं, 'युझिंग नेमस्पेस एसटीडी' लिहावं लागतं आणि 'व्हॉइड मेन' च्या जागी 'इंट मेन' करावं लागतं. स्क्रीन पुसणारं 'सीएलआरएससीआर' टर्बोचं स्वतःचं होतं, तेही काढायचं. तुमचं लॉजिक मात्र आहे तसंच राहतं.

४. एरर नाही, पण उत्तर भलतंच

हा प्रकार सगळ्यात फसवा. टर्बो सीमध्ये 'इंट' १६ बिटचा असतो, म्हणजे त्यात जास्तीत जास्त ३२७६७ मावतात. ७ चं फॅक्टोरियल ५०४०, ते बरोबर येतं. ८ चं यायला हवं ४०३२०, पण स्क्रीनवर दिसतं उणे २५२१६! नव्या कंपायलरमध्ये 'इंट' साधारणपणे ३२ बिटचा असतो, त्यामुळे तोच कोड बरोबर उत्तर देतो. टर्बोमध्येच काम करायचं असेल तर 'इंट' ऐवजी 'लाँग' वापरायचा आणि प्रिंट करताना 'पर्सेंट डी' च्या जागी 'पर्सेंट एलडी' लिहायचं.

आता यातलं वापरायचं काय? प्रॅक्टिकलची परीक्षा टर्बो सीवर असेल, तर सरावाला डॉसबॉक्स पुरेसा आहे. पण नोकरीच्या टेस्ट आणि इंटरव्ह्यूसाठी नव्या कंपायलरची सवय लागतेच, ती पहिल्या वर्षापासूनच लावून घेतलेली बरी. आणि तोपर्यंत एरर आली, की तिचा मेसेज पूर्ण वाचा. तो कुणी दिलाय हे कळलं, की कोड तपासायचा की सेटिंग, हे लगेच समजतं.