दुष्काळ आणि भूमीचा क्षय



दुष्काळाचें नांव निघतांच आपणांस पाऊस आठवतो; आणि पाऊस देवाधीन, म्हणून आपला उपाय धान्य वाटण्यापुरताच राहतो. परंतु पाऊस चुकतो तो एखाददुसरें वर्ष; जमीन बिघडते ती पिढ्यान्‌पिढ्या. ही दुसरी हानि आपल्या नजरेस आणावी, म्हणून आम्ही हा मजकूर समितीच्या वृत्तांतास जोडीत आहों.

१९९४ सालच्या आंतरराष्ट्रीय करारांत वाळवंटीकरण म्हणजे केवळ वाळवंट पसरणें नव्हे. कोरड्या प्रदेशांत हवामानाच्या फेरफारामुळें व मनुष्याच्या करणीमुळें जमिनीचा कस उतरणें होय, असा अर्थ केला आहे. इस्रोच्या नकाशासंग्रहाप्रमाणें २०१८-१९ सालीं आपल्या देशाच्या एकंदर क्षेत्रापैकीं शेंकडा २९.७७ जमीन अशी खालावलेली होती.

व्याधि एक, पण हवापाण्याप्रमाणें तिचें कारण निराळें. पश्चिम राजस्थानांत वारा वाळू उडवून शेतांवर आणून टाकतो. सोलापूर-अहिल्यानगरकडे पाऊस थोडा, पण येतो तो झोडपून. उताराच्या उघड्या रानांतली माती ओढ्यास जाते व मुरूम उरतो. सांगली-कोल्हापूरकडे उलट प्रकार: उंसास बेसुमार पाणी दिल्यानें जमिनींतील पाण्याची पातळी वर चढते, उन्हानें पाणी उडून जातें, क्षार मागें राहतात, आणि कसदार काळी जमीन चोपण होते. कोंकणासारख्या अतिपावसाच्या प्रांतांतही डोंगर उघडे पडले कीं माती धुपून कातळ दिसूं लागतो.

म्हणून औषधही एक नाहीं. वाऱ्यास झाडांच्या रांगांचा आडोसा, उतारास बांध व समपातळीचे चर, चोपणास निचऱ्याचे चर व पाण्याचा संयम. हें होण्यासारखें आहे. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या अवर्षणग्रस्त गांवानें १९९० नंतर चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली, चर खणले, शेतीसाठीं कूपनलिका घेणें वर्ज्य केलें. आणि तेथील विहिरींचें पाणी वाढलें.

१९७२ च्या दुष्काळांत लक्षावधि मजूर कामावर होते. त्यांतील पुष्कळांचे श्रम खडी फोडण्यांत गेले. जे बांध व पाझर तलावांस लागले, त्यांचें फळ दुष्काळ सरल्यावरही राहिलें. मजुरी दोहींकडे सारखीच पडते, हें दात्यांनीं ध्यानांत घ्यावें.

जमीनदारांस आमची विनंति कीं, वरच्या शेतांत बांध घालूं द्यावा. तो अडला तर खालच्या दहा शेतांचे बांध फुटतात. व्यापाऱ्यांस विनंति कीं, ज्या पिकावर आपण उचल देतां तें याच मातींत उगवतें. तरी वर्गणीचा कांहीं भाग बांधबंदिस्तीच्या मजुरीसाठीं म्हणून नेमून द्यावा. दिलेलें धान्य या वर्षीं संपेल. राखलेली माती आपल्या नातवांस उपयोगी पडेल.