आंतरराष्ट्रीय दिन आणि जिल्ह्याचे ऋतुमान

आरोग्य, कुटुंब व पर्यावरण या विषयांकडे लोकांचे लक्ष वेधावे म्हणून वर्षातील काही दिवस जगभर पाळले जातात. ७ एप्रिल हा जागतिक आरोग्य दिन, १५ मे हा आंतरराष्ट्रीय कुटुंब दिन आणि ५ जून हा जागतिक पर्यावरण दिन होय. त्यांच्या हेतूविषयी मतभेद असण्याचे कारण नाही. परंतु ज्या प्रदेशात हे दिन पाळावयाचे, तेथील ऋतुचक्राशी आणि जीवनक्रमाशी त्यांचा मेळ बसतो काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या संदर्भात त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम या तारखा कोठून आल्या ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेची घटना ७ एप्रिल १९४८ रोजी अमलात आली. तथापि पहिला आरोग्य दिन २२ जुलै १९४९ रोजी पाळण्यात आला होता. जुलैमध्ये अनेक देशांतील शाळांना सुटी असल्याने विद्यार्थ्यांना भाग घेता येईना, म्हणून १९५० पासून ७ एप्रिल ही तारीख ठरली. स्टॉकहोम येथील मानवी पर्यावरण परिषद ५ जून १९७२ रोजी सुरू झाली आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने त्याच वर्षी तो दिवस पर्यावरणासाठी मुक्रर केला. कुटुंब दिनाचा ठराव १९९३ चा आहे. जैवविविधता दिन पूर्वी २९ डिसेंबरला असे. वर्षअखेरच्या सुट्या आड येतात म्हणून २००० साली तो २२ मे रोजी नेण्यात आला. तात्पर्य, या तारखा संस्थांच्या इतिहासातून आणि सोयीतून निघाल्या आहेत, व सोयीसाठी त्या बदललेल्याही आहेत.

आता जिल्ह्याकडे वळू. पश्चिमेस अकोले तालुक्यातील घाटघर, रतनवाडी येथे पाऊस मिलिमीटरच्या हजारांत मोजावा लागतो. उलट सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील बहुतेक तालुक्यांत वार्षिक सरासरी पाचशे ते सहाशे मिलिमीटरच्या आसपास राहते. या भागात मृगाचा पाऊस बेभरवशाचा असतो, मध्ये खंड पडतो, आणि खरी भिस्त सप्टेंबरातील उत्तरा-हस्ताच्या पावसावर असते. रब्बी ज्वारी त्याच ओलीवर येते. ५ जून हा दिवस मृगाच्याही आधीचा. जमिनीत पुरेशी ओल उतरण्यापूर्वी लावलेले रोप, रोज पाणी घालणारा हात नसेल तर, तगत नाही. समारंभ पार पडतो, खड्डा मात्र तेवढा उरतो. आणि पुढील वर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लावले जाते.

याच्या उलट नगर तालुक्यातील हिवरे बाजारची रीत पाहण्याजोगी आहे. १९९० नंतरच्या काळात श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली या गावाने पाणलोटाची कामे केली, उसासारखी अधिक पाणी पिणारी पिके वर्ज्य केली आणि शेतीसाठी विंधन विहिरी घेण्यास बंदी घातली. पाऊस किती झाला व विहिरींत पाणी किती आहे याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून रब्बीचे नियोजन केले जाते. म्हणजे या गावाचा खरा पाणी दिन २२ मार्चला नसून पावसाळ्याच्या अखेरीस येतो, कारण निर्णय घेण्याची वेळ तीच असते. मार्चमध्ये पाण्याचे महत्त्व सर्वांस पटते, परंतु तोपर्यंत ते खर्च झालेले असते.

आरोग्याच्या बाबतीत जामखेडचे उदाहरण बोलके आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कार्याचा कणा म्हणजे गावोगावच्या आरोग्य सेविका. त्यांतील अनेक निरक्षर व दलित समाजातील स्त्रिया होत्या. त्यांचे शिक्षण एखाद्या शिबिरात उरकले नाही. नियमित भेटींतून ते वर्षानुवर्षे चालू राहिले. आरोग्याचा विचार एका दिवसाचा नसून आठवड्याआठवड्याचा आहे, हे यावरून ध्यानात येईल.

कुटुंब दिनाची विसंगती अधिक बोचणारी आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीस जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून गणली जाते. मुले एक तर फडावर जातात, नाही तर आजी-आजोबांपाशी राहतात. १५ मे रोजी बहुतेक कुटुंबे गावी परतलेली असतात आणि शाळा बंद असतात. मुलांसाठी हंगामी वसतिगृह उघडले काय, मागे राहिलेल्या वृद्धांचे रेशन कोण आणील, हे प्रश्न विचारावयाचे ते ऑक्टोबरात; मे महिन्यात त्यांचे उत्तर मिळून काही साधत नाही.

मग हे दिन निरर्थक समजावे काय? तसे मुळीच नाही. एखाद्या दुर्लक्षित विषयास नाव मिळते, शासन व शाळा यांना निमित्त मिळते, हा लाभ लहान नव्हे. परंतु ज्यांनी तारखा ठरविल्या त्यांनीच त्या सोयीप्रमाणे हलविल्या असतील, तर जिल्ह्यानेही कृतीचा दिवस आपल्या ऋतुमानाप्रमाणे ठरविण्यास प्रत्यवाय नसावा. आंतरराष्ट्रीय तारीख मग हिशेबासाठी राखून ठेवावी. ५ जूनला नवे रोप लावण्याऐवजी गतवर्षीच्या रोपांपैकी किती जगली ते मोजून ग्रामसभेत सांगावे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस क्षेत्रकार्यासाठी हा विषय हाती घेता येईल: चार-पाच गावे निवडावी, तेथे कोणते दिन पाळले जातात याची नोंद करावी आणि वर्षानंतर पुन्हा तेथे जाऊन काय उरले ते पाहावे. या पाहणीस मोठी साधनसामग्री लागत नाही. दुसऱ्या वर्षी परत जाण्याची तयारी मात्र लागते.