हिशेबाच्या तक्त्यातील रकान्यांची रुंदी

कीर्दीच्या वहीत रकाना अपुरा पडला, तर शेतकरी अक्षर बारीक काढतो किंवा उरलेला शब्द खालच्या ओळीत लिहितो. आता पुष्कळसे शेतकरी आपला जमाखर्च संगणकावरील एक्सेलसारख्या तक्त्यात ठेवू लागले आहेत. तेथे रकाना अरुंद राहिला, तरी लिहिलेला मजकूर नाहीसा होत नाही. तो केवळ दिसेनासा होतो. खरा धोका यातच आहे.

समजा, तुरीच्या नोंदीत वाण म्हणून ‘बीडीएन ७११’ लिहिले व शेजारच्या घरात बियाण्याचे वजन मांडले. शेजारचे घर भरलेले असल्याने मजकुराचा शेवट झाकला जातो आणि ‘बीडीएन ७१’ एवढेच दिसते. ‘बीडीएन ७१६’ ही नोंदही मग तशीच दिसेल. वास्तविक पहिला वाण पांढऱ्या दाण्याचा, तर दुसरा तांबड्या दाण्याचा. असा तक्ता पाहून बियाणे मागविल्यास फसगत होण्याचा संभव असतो.

रुपयांची रक्कम वा दिनांक रकान्यात मावला नाही, तर #### अशी चिन्हे उमटतात. ही बहुधा अपुऱ्या जागेची सूचना असते. घाबरून आकडा पुसू नये. अधिक जपावे ते अपूर्णांकांना. घराला ठराविक स्वरूप दिलेले नसेल, तर १.४६ हेक्टर हे क्षेत्र अरुंद रकान्यात नुसते १ दिसते. संगणक हिशेब १.४६ वरच करतो. वाचणारा मात्र १ धरून चालतो. हेक्टरी १०० किलो खत द्यावयाचे असल्यास ४६ किलो खत कमी पडते.

यावर उपाय सोपा आहे.

१. रकान्याच्या माथ्यावरील अक्षराच्या उजव्या कडेवर माउसचा बाण न्यावा. तो दुतोंडी होताच लागोपाठ दोनदा टिचकी मारावी. सर्वांत लांब नोंद मावेल इतकी रुंदी आपोआप होते.

२. सर्व रकान्यांसाठी वरच्या डाव्या कोपऱ्यातील चौकोनावर टिचकी मारून संपूर्ण तक्ता निवडावा व कोणत्याही एका कडेवर हीच कृती करावी.

३. एखाद्या लांब शीर्षकामुळे रकाना अवाजवी रुंद झाल्यास कड धरून ती हव्या त्या जागी ओढावी.

४. शेऱ्याच्या रकान्यास ‘रॅप टेक्स्ट’ ही सोय लावावी, म्हणजे मजकूर त्याच घरात दोन-तीन ओळींत बसतो.

१९७९ साली निघालेल्या व्हिजिकॅल्क या तक्त्यात सर्व रकाने एकाच रुंदीचे ठेवावे लागत. आज प्रत्येक रकान्याची रुंदी स्वतंत्रपणे ठरविता येते. या सोयीचा लाभ शेतकरी बंधूंनी अवश्य घ्यावा. रुंदी बदलल्याने आकडा बदलत नाही. परंतु आकडा पुरता दिसला, तरच त्यावरून घेतलेला निर्णय बिनचूक ठरतो. म्हणून तक्ता छापण्यापूर्वी किंवा त्यावरून बी-खत मागविण्यापूर्वी प्रत्येक रकाना एकवार पुरेसा रुंद करून पाहावा.